पाय टेकल्यावर

लोक त्याला खांब म्हणत, आणि घरात याचं फार हसू व्हायचं, कारण या खांबाला एका जागी दोन मिनिटं धड बसवत नसे. शनिवारी सकाळपासून त्याने तीनदा खिडकी उघडली आणि तीनदा लावली. चहा गार होऊ दिला, गरम केला, पुन्हा गार होऊ दिला. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाच्या उंचीवर होती. बारा वर्षं तो न चुकता मान खाली घालून त्या दारातून जात होता. आज ती चौकट दोनदा लागली.

"अहो, बसा बघू," बायको म्हणाली. "नाहीतर बाहेर जाऊन चकरा मारा. तुमच्याकडे बघून माझं डोकं गरगरायला लागलंय."

"बसलोय की."

"टेकलाय. त्याला बसणं म्हणत नाहीत."

ती दवाखान्यात एक्स-रे काढायची. महिन्यापूर्वी त्याच्या उजव्या गुडघ्याचा फोटो तिनेच काढला होता, त्यामुळे तिच्यापुढे थापा मारून उपयोग नव्हता. दोन हाडांमध्ये जी फट सहज दिसायला हवी, ती त्याच्या गुडघ्यात शोधावी लागत होती. तिने फोटो उजेडात धरला, आणि घरी आल्यावर स्टुलावर चढून तो कपाटाच्या माथ्यावर ठेवला. त्या घरात कपाटाचा माथा रोज ज्याच्या नजरेला पडायचा असा माणूस एकच होता.

सदतीस वर्षांचं वय आणि बास्केटबॉल लीगमधला पंधरावा मोसम. बुधवारी क्लबच्या व्यवस्थापकाने त्याला बोलावून घेतलं होतं. माणूस गोड बोलणारा. वाईट बातमीसुद्धा अशी सांगायचा की ऐकणाऱ्याने आभार मानावेत. "पुढच्या मोसमाला दोन सेंटर ठेवायचे नाहीत असं ठरलंय," तो म्हणाला. "शनिवारचा सामना अटीतटीचा होणार. शेवटची पाच मिनिटं कोच कुणाला मैदानावर ठेवतो ते बघू आणि सही करू. सोपं आहे." सोपंच होतं. तेव्हापासून खांबाचा जीव टांगणीला लागला होता.

दुसरा सेंटर म्हणजे शिडी. चोवीस वर्षांचा, खांबाहून तीन बोटं उंच, आणि उडी अशी की मुठीतला चेंडू वरून रिंगमध्ये सोडून खाली येताना त्याला इकडेतिकडे बघायला वेळ मिळायचा. असा खेळाडू हाताशी असताना सदतीस वर्षांच्या माणसाला कोण विचारतो? पण शिडीला एक दुखणं जडलं होतं. फाउल. ते होते म्हणून खांबाचं दुकान अजून चालू होतं.

लोकांना वाटतं, सेंटर म्हणजे रिंगखाली उभं राहायचं आणि हात वर करायचे. लोकांना काय, खुर्चीत बसून काहीही वाटतं. सेंटरचं खरं काम कुणाला दिसतच नाही. चेंडू घेऊन धावतो तो गार्ड. त्याच्या मागे प्रतिस्पर्धी सावलीसारखा लागलेला असतो. त्या सावलीच्या वाटेत सेंटरने जाऊन भिंत होऊन उभं राहायचं. सावली भिंतीवर आदळते, गार्ड मोकळा सुटतो. याला स्क्रीन म्हणतात. अट एवढीच की आदळण्याआधी भिंतीचे दोन्ही पाय जमिनीला चिकटलेले हवेत. खांदा चार बोटं झुकला तरी शिट्टी वाजते, फाउल लागतो, आणि असे पाच झाले की घरी जायचं.

घरात चुळबुळणारा हा माणूस स्क्रीनला मात्र असा रोवून उभा राहायचा की नावाला शोभावा. जगात त्याला शांत वाटायचं ते त्या एका क्षणात. शिडीचं नेमकं तिथेच बिनसायचं. कोचने त्याला रबराच्या पट्ट्यांवर उभं केलं, खडूने पावलं आखून दिली, तासन्‌तास घोटवून घेतलं. "पाय आहेत की स्प्रिंगा?" असं सगळ्यांदेखत विचारून झालं. सरावात नीट व्हायचं आणि सामन्यात पुन्हा तेच.

आता मोसमाच्या दुसऱ्या महिन्यात काय झालं, ते सांगायला हवं. खांब गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बेंचवर बसला होता. दुखत होतं म्हणून डोळे मिटलेले. कानावर नुसते आवाज येत होते: बुटांची करकर, चेंडूचे टप्पे, कोचचं ओरडणं. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की यात काहीतरी कमी आहे. रोजचं घड्याळ बंद पडावं आणि टिकटिक थांबलेली जाणवावी तसं. काय कमी आहे ते कळायला त्याला दोन दिवस लागले, आणि कळलं तेव्हा तो जिन्यात होता. पायरीवर उजवा पाय ठेवताना त्याच्या तोंडून निघालं, "हं."

तो जागच्या जागी थांबला. मागून येणारी बायको त्याच्या पाठीवर आपटली.

"मी हे नेहमी करतो?"

"नऊ वर्षं करताय," ती म्हणाली. "पहिल्यांदा गुडघा गेला तेव्हापासून. पाय टेकला की हं. तुम्ही घरी आलात हे मला दाराच्या घंटेआधी कळतं."

नऊ वर्षं संघाचा गार्ड एकच होता. लहान चणीचा, म्हणून चिमणा. नऊ वर्षं हा माणूस त्या "हं"वर निघत होता आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. खांबाचे पाय टेकले की कळ यायची, कळ आली की आवाज निघायचा, आवाज कानावर पडला की चिमणा सुटायचा. शिडीचे गुडघे धडधाकट. त्याला कशाला आवाज निघेल? मग चिमणा अंदाजाने निघायचा, कधी आधी, कधी उशिरा. आणि निसटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला गाठायला शिडीला खांदा झुकवावा लागायचा. दोष पायांचा नव्हताच.

खात्री करायला खांबाने एकदा सरावात मुद्दाम दात आवळून स्क्रीन लावला. आवाज येऊ दिला नाही. चिमणा गडबडला, आधीच निघाला आणि समोरच्यावर धडकला. "काय झालं रे मला?" डोकं चोळत तो म्हणाला. खांब काही बोलला नाही.

त्या दिवशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशी बोलला नाही. मग पाच महिने तोंडाला कुलूप. स्वतःची समजूत घालायला त्याच्याकडे बरीच वाक्यं होती: मला कुणी विचारलंय का? शिकवायचं काम कोचचं. आणि पोराला अजून दहा वर्षं आहेत, मला एक मोसम मिळाला तर कुणाचं काय जातं? रोज एक वाक्य घासूनपुसून वापरायचा, आणि रोज संध्याकाळी खिडकी उघडून बंद करायचा. आधी शिडीची आई दर सामन्याला यायची, तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसायची. मधेच ती खुर्ची रिकामी राहू लागली. बाईंना बरं नसेल, असं खांबाने ठरवून टाकलं.

शनिवारी दुपारी मैदान गच्च भरलं होतं. बायको रजा टाकून आली होती. व्यवस्थापक पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत शिडीने वीस गुण केले आणि तीन फाउल. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच चौथा लागला, तोही स्क्रीनवरच. प्रेक्षकांतून हुर्यो उठली. शिडीने नेहमीसारखं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

खांब बेंचवर गुडघा हलवत बसला होता. थांबवूनही थांबत नव्हता. पाच मिनिटं उरली, साडेचार उरली, गुण बरोबरीत. कोचने मागे न बघता बोट केलं.

"खांबा, ऊठ. पुढची शिट्टी झाली की आत."

त्याने जाकीट काढलं आणि गुण नोंदणाऱ्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. खेळ थांबला की बदली खेळाडू तिथूनच आत जातात. व्यवस्थापकाने पायावरचा पाय खाली घेतला. झालं, खांबाला वाटलं, मिळवलं. त्याला खरोखर आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेवढ्यात चेंडू फिरत त्याच बाजूला आला. चिमणा रेषेलगत, खांबापासून दोन हातांवर. शिडी धावत आला आणि अगदी टेबलासमोर स्क्रीनला उभा राहिला. इतक्या जवळून खांबाने त्याला कधी पाहिलं नव्हतं. पाय खांद्याइतके फाकलेले, मुठी छातीशी, पाठ सरळ. कुठेही नाव ठेवायला जागा नव्हती. आणि तोंडावर अशी भीती, जशी मार बसणार हे ठाऊक असलेल्या माणसाच्या तोंडावर असते. चिमणा चेंडूचे टप्पे पाडत घुटमळत होता, निघू की नको. अजून क्षणभर, आणि शिडी झुकणार. पाचवा फाउल. शिट्टी. खांब आत. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्याची त्याला पाच महिन्यांची सवय होती.

"हं!"

आवाज कुठून निघाला ते त्यालाही कळलं नाही. गुडघा दुखला नव्हता, पाय टेकला नव्हता. चिमणा बाणासारखा सुटला. मागचा माणूस शिडीच्या छातीवर आदळून खाली बसला, शिडी तसूभर हलला नाही, आणि चेंडू रिंगमधून खाली आला.

चिमण्याने वळून पाहिलं. आधी शिडीकडे, मग टेबलाकडे. डोळे एवढे मोठे.

पुढच्या वेळी पुन्हा तसंच. शिडीने पाय रोवले, खांबाने टेबलाशी उभं राहून हाळी दिली, चिमणा सुटला. शिट्टी झाली तेव्हा कोचने खांबाकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं, आणि हाताने खूण केली: राहू दे, बस.

खांब बेंचवर जाऊन बसला. तिथूनही तो उरलेला सगळा वेळ "हं" करत राहिला. शेजारच्यांना वाटलं, म्हातारा गुडघ्याने हैराण झालाय. संघ सात गुणांनी जिंकला.

सामन्यानंतर मैदान रिकामं झालं तेव्हा शिडी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"दादा, ते तुम्ही होतात ना? चिमणादादा म्हणतो, त्याला वाटलं तुम्हीच स्क्रीनला आलात."

खांबाने सगळं सांगितलं. गुडघा, जिना, चिमण्याचे कान. अंगावरचं काही झटकून टाकावं तसं भराभर सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

इथे खोटं बोलता आलं असतं.

"दुसऱ्या महिन्यात."

शिडीने रिकाम्या तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "लोक हुर्यो करायचे तेव्हा आई खाली बघत बसायची. मीच तिला सांगितलं, येऊ नकोस म्हणून." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर खांबाला बरं वाटलं असतं.

"मी वाईट वागलो," खांब म्हणाला. "मला मोसम हवा होता." लाज त्याच्या कानापर्यंत चढली होती आणि एवढ्या उंच माणसाला तोंड लपवायला कुठे जागा नसते.

शिडी मैदानाच्या मध्याकडे चालू लागला. पाच पावलांवर थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "दाखवा."

चिमण्याला कपडे बदलण्याच्या खोलीतून ओढून आणलं. शिडीचं पहिलं "हं" शेजारणीकडे विरजण मागायला आल्यासारखं निघालं. चिमणा हसला, शिडी नाही हसला.

"माझं तर काही दुखत नाही," तो म्हणाला. "तरी म्हणायचं?"

"आत्ताच म्हणून घे. पुढे आपोआप येतं."

वर पाचव्या रांगेत बायको त्याचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. तिला घाई दिसत नव्हती. व्यवस्थापक रेषेपर्यंत आला आणि खांबाच्या दंडावर हात ठेवून, आपल्या त्याच गोड आवाजात, हळू बोलला, "पंधरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. पण पुढच्या मोसमाला नाही जमणार."

ठाऊक होतं, तरी त्याला निघून जावंसं वाटलं, पळावंसं वाटलं, खिडकी असती तर उघडली असती.

"दादा!" शिडी मैदानातून ओरडला. "पाय टेकता टेकता, की टेकल्यावर?"

खांब रेषेवर उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.

"टेकल्यावर," तो म्हणाला. "दोन्ही."