भाच्याचे तिसरे मागणे

शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मेयिरमानने सूत्रसंचालकाच्या हातातून माइक घेतला आणि मामाकडे त्याची गाडी मागितली.

तराझच्या बसस्थानकामागच्या हॉलमध्ये त्या वेळी एकशे चाळीस पाहुणे होते. निमित्त मेयिरमानच्या मुलीचे होते. ती एक वर्षाची झाली होती. मूल नीट चालू लागावे म्हणून तिच्या पायांना बांधलेला काळा-पांढरा दोरा नुकताच कापून झाला होता आणि ती चार पावले टाकून मटकन बसली होती. मांसाच्या पराती अजून यायच्या होत्या.

"सेरिकबोल मामा," मेयिरमान म्हणाला, "माझी दोन मागणी मागून झाली. एक राहिलंय. बाहेर गेटाशी तुमची लाल गोल्फ उभी आहे. ती द्या."

आमच्याकडे बहिणीच्या मुलाला मामाच्या घरातून आयुष्यात तीनदा हवे ते मागता येते, आणि मामाला नाही म्हणता येत नाही. मेयिरमानने सातव्या वर्षी शिंगरू मागितले होते आणि एकोणिसाव्या वर्षी आजोबांचे चांदीच्या पट्ट्यांचे खोगीर. दोन्ही मिळाली. आता तो अठ्ठावीस वर्षांचा आहे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सेरिकबोल उठून उभा राहिला. तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, खताच्या कारखान्यात लेथवर सुटे भाग कातणारा टर्नर. कोणीतरी माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"दिली," तो म्हणाला आणि बसला. शेजारी बसलेले सांगतात की त्यानंतर निघेपर्यंत त्याने दोन्ही हात टेबलाखाली ठेवले होते. मांस आले, त्याने खाल्ले नाही.

आम्हा शेजाऱ्यांची गॅरेजे एका ओळीत आहेत, त्या रांगेत ती गाडी सगळ्यांना नट-बोल्टासकट माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी सेरिकबोलने ती मेर्केच्या जनावरांच्या एका निवृत्त डॉक्टरकडून घेतली तेव्हा ती पांढरी होती. १९९१ची, सोळाशे सीसीची, तेरा इंची बारीक चाकांची, आणि हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचे घरटे. त्याने आधी ब्रेक बदलले. मग बोनेटखालचे इंजिन काढून अपघातात गेलेल्या दुसऱ्या एका गाडीचे दोन लिटरचे, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन बसवले. सायलेन्सरपर्यंतची नळी स्वतः वाकवली, स्वतः वेल्ड केली. उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा घातल्या. वळणावर गाडी कलंडू नये म्हणून मागे जाड दांडा टाकला आणि पुढे दोन्ही शॉकची टोके आडव्या पट्टीने बांधून टाकली. मागची सीट काढली. चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी हातोडीने बाहेर काढून पंधरा इंची चाके बसवली. शेवटी गर्द लाल रंग दिला. मागे पंख लावायला त्याने ठाम नकार दिला. "हे छोटं डबडं आहे," तो म्हणायचा, "विमान नाही."

काढलेला एकही भाग त्याने टाकला नाही. तेलकट कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून, गॅरेजच्या मागच्या भिंतीवर ओळीने ठेवला. इथे सगळेच ठेवतात.

शहराबाहेर फवारणीच्या विमानांची जुनी धावपट्टी आहे. तिच्यावर शंकू मांडून वर्षातून दोनदा वेळेची शर्यत होते, एका वेळी एकच गाडी. मागच्या शरद ऋतूत सेरिकबोलने एक मिनिट चौदा पूर्णांक सहा सेकंदांत फेरी मारली. शिमकेंतचा एकजण त्याच्यापेक्षा तीन दशांश सेकंदाने पुढे राहिला. यंदा मे महिन्यात शेवटच्या वळणावर गाडीचे आतले चाक नुसतेच गरगरले, गाडी गवतात गेली आणि फेरी बाद झाली. ते चाक गरगरू नये म्हणून त्याने पूर्ण उन्हाळा घालवून प्लेटांचे डिफरन्शियल तयार केले, प्रत्येक प्लेट लेथवर स्वतः कातून. ते ऑगस्टअखेर बसले. त्याची पहिली मोजलेली फेरी त्या समारंभानंतर आठ दिवसांनी, रविवारी होणार होती.

सोमवारी सकाळी सात वाजता सेरिकबोलने कारखान्यात पाच दिवसांची रजा कळवली, गॅरेज क्रमांक ४६ उघडले, गाडी जॅकवर घेतली आणि चाके काढली.

शेजारचे ४५ गेरासिम पाक यांचे. अडुसष्ट वर्षांचे, इलेक्ट्रिशियन, कोरियन. आमच्या रांगेतले फेरीची वेळ मोजायचे घड्याळ त्यांच्याकडे असते. आठ वाजता ते चहाचा ग्लास घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"काय रे, पोरीला सासरी पाठवतोयस की दागिने उतरवून घेतोयस?"

"त्याने गाडी मागितली. गाडी देतोय."

"मग हे काय चाललंय?"

"कागदावर काय लिहिलंय? सोळाशे सीसी. सोळाशे सीसी मिळेल."

"सेरिक, लोक काय म्हणतील?"

"लोकांनी टाळ्या वाजवल्या ना? झालं त्यांचं काम."

गेरासिम यांनी ग्लास आतल्या फळीवर ठेवला आणि चेन-पुली धरायला पुढे झाले. दुपारी एकच्या सुमारास दोन लिटरचे इंजिन बाहेर आले. सहा वर्षांचे काम ज्या क्रमाने चढले होते, त्याच्या बरोबर उलट क्रमाने उतरू लागले.

मंगळवारी सकाळी राउशान आली. ती सेरिकबोलची थोरली बहीण, मेयिरमानची आई, वय त्रेपन्न. तिचा आवाज रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

"हाडं देतोस माझ्या पोराला? मांस स्वतः ठेवून हाडं?"

"ताई, आत ये, तेल सांडलंय, पाय घसरेल."

"घसरू दे! आपल्या घरात कोणी असं केलं होतं? बाबांनी खोगीर दिलं तेव्हा चांदी खरवडून घेतली होती?"

"बाबांनी ते खोगीर बनवलं नव्हतं. त्यांना त्यांच्या बापाने दिलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे हे मी केलंय." त्याने हातातला पाना दाखवला. "प्रत्येक बोल्ट. मिळालेली गोष्ट देता येते. ही मिळाली नव्हती मला."

"शब्द दिलास तू. एकशे चाळीस माणसांपुढे."

"एकशे चाळीस माणसांपुढे मागितलं म्हणूनच दिला. घरी येऊन मागितली असती तर दारातून हाकललं असतं, आणि ते त्याला ठाऊक होतं."

"भाच्याला हाकललं असतंस?"

"चहा पाजून हाकललं असतं."

राउशान रडली नाही. तिने भिंतीवरचा एक तेलकट कागद ओढून जमिनीवर फेकला आणि गेली. त्यात जुना कार्ब्युरेटर होता. सेरिकबोलने तो उचलून पुसला आणि गाडीत बसवला.

बुधवारी संध्याकाळी आयोजकांनी रविवारच्या शर्यतीची यादी लावली. ती गेरासिम यांनी आधी वाचली, कारण एकच गाडी दोनदा लिहिलेली त्यांना दिसली. क्रमांक १२ सेरिकबोल, लाल गोल्फ, दोन लिटर. क्रमांक ३१ मेयिरमान, तीच गाडी. प्रत्येक नावापुढे अर्ज आल्याची वेळ होती. ३१ची वेळ होती शुक्रवार, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे.

मुलीच्या पायाचा दोरा शनिवारी कापला होता.

गेरासिम यांनी यादी दाखवली तेव्हा सेरिकबोल गाडीखाली होता. त्याने झोपल्या झोपल्याच ती वाचली, परत दिली, आणि म्हणाला, "तेराचा पाना द्या."

गुरुवारी दुपारी तीन वाजता मेयिरमान गाडी न्यायला आला, आईला घेऊन. गाडी रांगेपुढच्या गल्लीत उभी होती. रंग तेवढा काढता आला नव्हता. गर्द लाल पत्रा, फुगवलेल्या कमानी, आणि त्यांच्या खाली तेरा इंची बारीक चाके. जुन्या स्प्रिंगांवर ती इतकी उंच झाली होती की बापाचा कोट घालून शाळेत आलेल्या पोरासारखी दिसत होती. मागची सीट जागेवर होती. चालू केल्यावर इंजिन शांतपणे, एकसारखे फिरत होते. सेरिकबोलने तेही नीट जुळवून दिले होते.

"हे काय आहे?" मेयिरमानने विचारले.

"गाडी."

"मामा, मी गेटाशी उभी होती ती मागितली."

"तीच ही. अंगावरचं तिचं नव्हतं, माझं होतं."

"रविवारी शर्यत आहे."

"शुक्रवारी अकरा वाजून पाच मिनिटांनी पण तुला ते माहीत होतं."

राउशानने दोघांकडे पाहिले. "शुक्रवारी काय झालं?"

"तुझ्या पोराने गाडी मागितली शनिवारी, ताई. शर्यतीत तिच्यावर नाव घातलं शुक्रवारी. माझ्या होकाराची त्याला गरजच नव्हती. तुम्ही सगळे टाळ्या वाजवायला होता."

"मला म्हणालास, मामाची आठवण म्हणून घेतोय!" राउशान मुलावर ओरडली. "लेक मोठी झाली की तिला देणार, म्हणालास!"

"हो, घातलं नाव," मेयिरमान म्हणाला. आता तोही ओरडत होता. "कारण हे जिंकणार नाहीत! सहा वर्षं बघतोय मी. मामा, तुम्ही बांधता अशी की शिमकेंतपर्यंत कोणी बांधत नाही. आणि चालवता कशी? बाजारात मेंढी नेल्यासारखी. गाडी हरत नाही. तुम्ही हरता."

"तोंड सांभाळ."

"गेरासिम काकांना विचारा. मागच्या वर्षी शर्यत संपल्यावर तुम्ही मला एक फेरी दिली होती, एकच. विचारा किती लागला वेळ."

"एक पंधरा," सेरिकबोल म्हणाला. "मला माहीत आहे. गेरासिम काकांनी सांगितलं होतं."

गेरासिम आपल्या दाराच्या कडीशी खेळत होते.

"काका?" सेरिकबोलने विचारले.

"एक तेरा पूर्णांक आठ," गेरासिम म्हणाले.

गाडीचे इंजिन अजून चालू होते. मेयिरमानने खिडकीतून हात घालून ते बंद केले.

"काय सांगणार होतो मी तुला, सेरिक?" गेरासिम म्हणाले. "त्या दिवशी तू चौदा सहा मारून आला होतास. लहान पोरासारखा नाचत होतास. तेवढ्यात हा फेरी मारून उतरला. मी घड्याळ खिशात घातलं."

"आठ दशांश," सेरिकबोल म्हणाला. तो हळू बोलत होता. रांगेतल्या कोणी त्याला इतक्या हळू बोलताना ऐकले नव्हते. "अख्खा उन्हाळा मी प्लेटा कातत बसलो काका, आठ दशांशासाठी. आणि ते तुमच्या खिशात होते?"

"आता तरी कळलं ना," मेयिरमान म्हणाला. "घाला सगळं परत. दोन दिवस आहेत. मी मदत करतो. मी चालवतो, तुम्ही—"

सेरिकबोलने उजवा हात उगारला.

भाच्यावर हात टाकला तर मामाचा हात कायमचा थरथरू लागतो, असे मानतात. टर्नरचा हात थरथरला तर त्याच्याकडे काही उरत नाही. हात लागला की नाही, यावर आमच्या रांगेत एकमत नाही. राउशान म्हणते, ती मध्ये पडली आणि तिच्या खांद्याला लागले. मेयिरमान काही सांगत नाही. गेरासिम म्हणतात, त्यांनी त्या वेळी मान वळवली होती. मेयिरमानची टोपी चिखलात पडली, एवढे नक्की.

ती त्याने उचलली नाही.

"किल्ली गाडीत आहे," सेरिकबोल म्हणाला. "उद्या अकरा वाजता सेवाकेंद्रात कागद नावावर करायचे. ये." मग गेरासिम यांच्याकडे न पाहता म्हणाला, "आणि तुमचा ग्लास आत राहिलाय," आणि दार ओढून घेतले. ग्लास आतच राहिला.

शुक्रवारी सेरिकबोल दहा वाजून पन्नास मिनिटांनी सेवाकेंद्रात पोचला. टोकन घेतले. त्याचा नंबर अकरा वाजून आठ मिनिटांनी लागला, तेव्हा त्याने मागच्याला पुढे सोडले. नंतर आणखी चौघांना. सव्वाबारा वाजता तो उठला. मेयिरमान आला नव्हता. त्याने आईला फोनवर सांगितले की तसली गाडी घेऊन तो गल्लीतून निघाला तर मित्र महिनाभर हसतील. राउशान म्हणाली, मामाने दिलेले घेतले नाहीस तर त्याहून जास्त लोक त्याहून जास्त दिवस बोलतील. त्याने फोन ठेवला.

रविवारी धावपट्टीवर वारा होता. तेवीस गाड्या सुटल्या. यादीत १२ आणि ३१ यांच्यापुढे गैरहजर असे लिहिले गेले. शिमकेंतवाला पुन्हा जिंकला, एक चौदा पूर्णांक एक. रांगेतले सात-आठजण तिथे होते. वेळ जाहीर झाली तेव्हा प्रत्येकाने मनात एकच वजाबाकी केली. गेरासिम यांनी घड्याळ आणले नव्हते.

सोमवारी सेरिकबोल कामावर हजर झाला. दुपारच्या पाळीत त्याने कातलेली एक बुशिंग, म्हणजे दांड्यावर बसणारी धातूची कडी, तपासणीत नापास झाली, तीन शतांश मिलिमीटरने जास्त. बावीस वर्षांतली त्याची पहिलीच. त्याने ती खिशात घातली आणि दुसरी कातली. दुसरी बरोबर निघाली.

दोन लिटरचे इंजिन क्रमांक ४६ मध्ये लाकडी चौकटीवर ठेवलेले आहे. डिफरन्शियल त्याच्या शेजारी, तेलकट कागदात. कागदावर या वेळी तारीख लिहिलेली नाही.

गाडी गल्लीतच आहे, जिथे गुरुवारी होती. कागदावर ती सेरिकबोलची आहे, शब्दाने मेयिरमानची. राउशान काल येऊन तिच्या काचा पुसून गेली, भावाच्या दारावर न थांबता. आज मंगळवार. दुपारी तीनपर्यंत किल्ली गाडीतच होती.