करंगळीवरची रेघ

ताईच्या अंगठ्यावर चिकटवलेलं खोटं नख दाबून धरून मावशी मोठ्याने मोजत होती.

“सव्वीस, सत्तावीस... ताई, हलू नकोस गं... अठ्ठावीस...”

ताईला, म्हणजे नवरीच्या आईला, हे मोजणं ऐकू येत नव्हतं. जन्मापासूनच तिला काही ऐकू आलेलं नव्हतं. तिचं सगळं बोलणं हातांचं. आणि एक हात बहिणीच्या मुठीत अडकलेला. तेव्हा मोकळ्या राहिलेल्या हाताने तिने लेकीला विचारलं, “ही नख चिकटवतेय की अंगठा उपटतेय?”

लेक खिडकीशी बसून पाहुण्यांच्या यादीवर खुणा करत होती. ती खुदकन हसली.

“काय म्हणाली?” मावशीने विचारलं.

“छान दिसतंय म्हणाली.”

“दिसणारच! चोवीस आहेत डबीत. दहा लागली, तरी चौदा उरतात. ते पार्लर म्हणजे नुसता खोळंबा. तासभर बसा, पुढं करा हात, मागं घ्या हात. आणि शेवटच्या रांगेतून दिसायला नकोत का? लांब नख म्हणजे कसं, हाताला वजन येतं.”

शनिवारी लग्न होतं. नोंदणीच्या सह्या झाल्या की दोन्ही घरांतून एकेकाने उठून चार शब्द बोलायचे, असं ठरलं होतं. बाबा असते तर ते बोलले असते. ते नव्हते, म्हणून आई म्हणाली, मी बोलेन. दोनशे माणसांसमोर, उभी राहून, माझ्या हातांनी. तेव्हापासून घरात तिच्या हातांची चर्चा होती. हात कसले, तीस वर्षांच्या शिलाईकामाचा हिशेबच तो. तर्जनीवर सुयांच्या टोचणीची जाळी, अंगठ्याचं नख कात्रीने दुभंगून पुन्हा जुळलेलं, करंगळी जराशी बाहेर कललेली. ती ते हात कधी पदराखाली झाकायची, कधी मशीनवरच्या कापडाखाली.

दहावं नख लागलं. मावशी मागे सरली. आईने दोन्ही हात वर उचलले, उजेडाकडे धरले, आणि म्हणाली, “हे माझे?”

टक. टकटक. टक.

लेकीच्या हातातली यादी खाली पडली.

“आई! आवाज येतोय! तुझ्या बोलण्याचा आवाज येतोय!”

आईच्या भुवया वर गेल्या. “कसा?”

कसा ते कसं सांगायचं? लेकीने इकडेतिकडे पाहिलं, मशीनवरचा बटणांचा डबा उचलून आईच्या तळव्यांत दिला आणि तिचे हात धरून तो हलवला. डब्यातली बटणं नाचली. त्यांची थरथर आईच्या तळव्यांतून मनगटात, मनगटातून कोपरात चढली, आणि तिचा चेहरा उजळला.

मग काय विचारता! आई पाऊणतास बोलत सुटली. खिडकीतल्या कुंडीला दोन शब्द सुनावले, जिना चढून आलेल्या दूधवाल्याला उगाच थांबवून हवापाण्याचं विचारलं, भिंतीवरच्या घड्याळाला उशिराबद्दल रागे भरली. टकटक, टकटक. लेक डोळे मिटून ऐकत होती. सव्वीस वर्षं जिच्या हातांकडे डोळे लावून बसली, तिला आज ती पाठ करूनही ऐकू शकत होती.

“बघ,” मावशी म्हणाली. “पार्लरवाली देईल का असला आवाज?”

तेवढ्यात आईने लेकीला हाक मारली. लेकीचं नाव तिच्या हातांत असं होतं: अंगठा नि तर्जनीची इवलीशी चिमूट करून स्वतःच्या गालाला टेकवायची, जिथे लेकीच्या गालावर खळी पडते तिथे. पाळण्यातल्या दिवसांपासूनचं नाव. आईने चिमूट केली, पण बोटांची टोकं भेटेनात. नखाला नख आडवं आलं. पुन्हा केली. नाव उघडंच राहिलं, बटण न लागलेल्या सदऱ्यासारखं.

“आई,” लेक हातांनी म्हणाली, “तू बोबडी झालीस गं.”

“मी? बोबडी?” आईने चिडून हात झटकला आणि अंगठ्यावरचं नख सुटून, हवेत एक गिरकी घेऊन, मावशीच्या चहात पडलं.

मावशी चहाकडे पाहत राहिली. मग तिघीही इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छतावर काठी ठोकली. दोघींनी ती ऐकली. आईला ती पायांच्या तळव्यांना कळली.

हसू ओसरल्यावर आईने उरलेली नऊ नखं एकेक करून सोडवली, डबीत ठेवली आणि डबी मावशीकडे सरकवली.

“तुला घे. आणि हे नीट ऐका. शनिवारी मी बोलेन तेव्हा ही,” तिने चिमूट गालाला टेकवली, आता ती नीट मिटली, “तोंडाने काही सांगणार नाही. नुसती बसून बघेल.”

लेकीने ते मावशीला सांगितलं आणि सांगता सांगताच अडखळली. चौथ्या वर्षापासून ती आईचा आवाज होती. दवाखान्यात, बँकेत, घरमालकापुढे. शाळेत बाई म्हणाल्या होत्या, “तुमची मुलगी वर्गात फार बडबड करते,” आणि सहा वर्षांच्या लेकीने आईला हातांनी सांगितलं होतं, “बाई म्हणतात, मी फार हुशार आहे.” आईने बाईंच्या कपाळावरची आठी पाहिली होती, मान डोलावली होती, आणि घरी जाताना रस्ताभर तिचे खांदे हसून हलत होते.

“मग लोकांना कळणार कसं?” लेकीने विचारलं.

“तुझ्या लग्नात तू काम करायचं नाहीस.”

“मी आहे ना!” मावशी सरसावली. “हातांचं निम्मंअर्धं कळतं मला. मी सांगेन.”

आई आणि लेक यांनी एकमेकींकडे पाहिलं. मुलाकडची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा आई एवढंच म्हणाली होती: मुलगा हसतो छान. मावशीने ते सांगायला दहा मिनिटं घेतली होती, आणि त्यात तिची गुडघेदुखीही येऊन गेली होती.

“बघू,” आई म्हणाली.

पण त्या ‘बघू’पाशी तिचे हात जरा जास्त वेळ थांबले. कुणीच तोंडाने सांगितलं नाही, तर दोनशे माणसं तिचे हात नुसते हलताना बघतील. कौतुकाने बघतील, मान डोलावतील, आणि त्यांच्या पदरात काहीच पडणार नाही. तशी मान डोलावणारी माणसं तिने जन्मभर पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी लेक तिला पार्लरमध्ये घेऊन गेली.

चिंचोळी खोली, एक आरसा, एक टेबल, त्यावर मान खाली घालून बसलेला दिवा. नखं करणारी बाई पस्तिशीची असेल. तिच्या स्वतःच्या नखांवर रंगाचा ठिपका नव्हता. तिने आईचे हात कोमट पाण्यात बुडवले, बाहेर काढले, पुसले, आणि अंगठ्यावरच्या जुन्या भेगेवरून बोट फिरवून म्हणाली, “कात्री?”

लेक सांगणार तोच आईने ओठ वाचून मान हलवली. मग हात सोडवून घेऊन कात्री कशी लागली ते सांगू लागली. बाईने हात परत धरला. आईने परत सोडवला. पहिल्या नखावरचा ओला रंग टेबलावर पुसला गेला. दुसऱ्यांदा रंग बाईच्या बाहीला लागला.

“काकू, हात हलवू नका हो.”

“म्हणजे गप्प बसा म्हणताय तुम्ही,” लेक म्हणाली.

ती रागाने म्हणाली नव्हती, पण बाईचा ब्रश बाटलीच्या तोंडाशी थांबला. तिने आईच्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

“असं आहे होय,” ती म्हणाली. तिने स्वतःचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि आईकडे पाहून हनुवटीनेच खूण केली: बोला. तुमचं झालं, की मी.

आईने तिच्याकडे बारकाईने पाहिलं. मग लेकीकडे वळली. “तू जा. चपला बदलून आणायच्या आहेत ना तुझ्या? आण.”

“अगं, पण इथे कोण सांगेल तुझं—”

“जा.”

लेक गेली. दाराची काच हलली आणि स्थिर झाली.

आता खोलीत दोघी. एकीला ऐकू येत नव्हतं, दुसरीला हातांची भाषा येत नव्हती. आईने श्वास घेतला. हिला कळलं, तर दोनशे जणांना कळेल. हिला नाही कळलं, तर शनिवारी मावशी, गुडघ्यांसकट.

तिने सुरुवात केली. दोन्ही हातांचा पाळणा केला आणि त्यात गालावरची चिमूट ठेवली. मग पाळण्याकडे पाठ करून मशीन चालवली, हातांखालून कापड सरकवत. कानाला बोट लावलं, नाही. तोंड उघडून, डोळे मिटून बाळ रडलं. मशीन चालूच राहिली. पुन्हा रडलं, मशीन चालूच.

बाईच्या कपाळावर आठी पडली. आई थांबली आणि उजवा हात पुढे केला. बाईने एक नख रंगवलं, चटकन, कडेपर्यंत, आणि हात मागे घेतला. पुढे?

आईने हवेतून एक दोरा ओढला. एक टोक बाळाच्या पायाला, हलकेच, सैल गाठ. दुसरं टोक आपल्या डाव्या करंगळीला. पुन्हा पाठ, पुन्हा मशीन, सरळ शिवण, सरळ, सरळ... आणि बाळाने लाथ झाडली. करंगळीला हिसका बसला. कापड हाताखाली सरकलं. आई गर्रकन वळली, बाळाला उचललं, छातीशी घेतलं.

बाईने दुसरं नख रंगवायचं विसरून हात तोंडावर नेला होता.

असं एकेक वाक्य आणि एकेक नख चाललं. मागे कुणीतरी दार उघडून विचारलं, “किती वेळ?” बाई न वळता म्हणाली, “लागेल वेळ.”

शेवटचं सांगताना आईचे डोळे लुकलुकायला लागले. तिने शिवलेला सदरा वर धरला, शिवणीवरून बोट फिरवत नेलं, सरळ, सरळ, आणि मध्येच एक छोटासा बाक. तिथे लेकीची लाथ. मग तो सदरा एका ऐटबाज माणसाच्या अंगात घातला. तो रस्त्याने निघाला. मग दुसरा माणूस, एक ढेरपोट्या, मग एक शाळेत जाणारं पोर, मग एक म्हातारा. गावभर माणसं चालली होती, कामाला, बाजाराला, भेटीला, आणि सगळ्यांच्या अंगावर तिच्या लेकीच्या लाथा होत्या. कुणालाच पत्ता नव्हता.

आईने हात खाली ठेवले. संपलं.

नऊ नखं झाली होती, एकाच फिक्या गुलाबी रंगाची, आखूड, गोल कापलेली. डावी करंगळी राहिली होती. बाईने ती धरली, गुलाबी रंग दिला, वाळू दिला. मग खण उघडून केसाएवढा बारीक ब्रश काढला, लाल बाटलीत टोक बुडवलं, आणि श्वास रोखून खाली वाकली. तिचं डोकं आड आल्यामुळे आईला काही दिसत नव्हतं. फक्त करंगळीला थंडगार, चालत जाणारा एक स्पर्श कळत होता.

लेक आली तेव्हा आई दिव्याखाली हात पसरून बसली होती. झाकलेले नव्हे, पसरलेले. लेक दारातच थांबली.

“झालं? काही हवं होतं का तिला?” लेकीने बाईला विचारलं. “मी सांगते, आई म्हणत असेल—”

“कळलं मला,” बाई ब्रश पुसत म्हणाली.

लेकीने तोंड मिटलं. सवयीने अर्धवट उचललेले तिचे हात काय करावं ते न सुचून तसेच राहिले; मग तिने चपलांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आईच्या शेजारी वाकून ती एकेक नख पाहू लागली, आणि शेवटच्यावर थबकली.

“सुंदर झालीत. फक्त ही करंगळी...” ती आवाज खाली आणत म्हणाली. “ही लाल रेघ इथे मध्येच वाकडी झाली आहे. आईने हात हलवला असेल ना? करता येईल का नीट?”

बाईने आईकडे पाहिलं. आईने रेघ पाहिली, एका कडेकडून निघालेली, दोऱ्यासारखी सरळ, आणि मध्येच तो छोटासा बाक. ती हसली. तोंडाने, मोठ्याने, स्वतःला कधी ऐकू न आलेलं ते भरडं, मोकळं हसू खोलीभर झालं.

“ती तशीच आहे,” बाई म्हणाली.

“म्हणजे?”

“शनिवारी कळेल,” आई म्हणाली. गुलाबी नखांची चिमूट अलगद मिटून गालाला टेकली. “आणि तुझ्या मावशीला कळव. तिने शनिवारी पोटभर जेवायचं. बाकी काही करायचं नाही.”

लेकीने निरोप लिहून पाठवला. उत्तर यायला फार वेळ लागला. आलं ते असं होतं: “ठझीक आहहे. पझ का??” आणि त्याखाली एक फोटो, दहाही बोटांना लांब लालभडक नखं लावलेल्या, फोन धरता न आल्याने अर्ध्याच आलेल्या, हसणाऱ्या मावशीचा.