परत आलेला डबा

कंडक्टरनं खिडकीतून डबा खाली दिला आणि शिवकांताचा हात वजनानं वाकला. कालच्यासारखाच.

"आज बी कुणी उचलला न्हाई गं," शेषेराव कंडक्टर म्हणाला. "स्टँडावरच्या हमालानं तसाच आणून दिला."

त्यानं दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी जळकोटकडं निघून गेली. धूळ खाली बसेपर्यंत शिवकांता फाट्यावरच उभी राहिली. फाट्यावरच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहिलं होतं, पण जुनी अक्षरं खालून दिसायची.

रोज सकाळी आठच्या गाडीत, ड्रायव्हरजवळच्या इंजिनाच्या झाकणावर, गावोगावचे डबे ठेवले जायचे. अहमदपूरला शिकणारी पोरं स्टँडावर येऊन आपापला डबा उचलायची आणि संध्याकाळच्या गाडीत रिकामा ठेवायची. शिवकांताच्या भावाचा, सिद्धेश्वरचा डबा दीड वर्षात असा भरलेला कधी आला नव्हता. आता लागोपाठ दोन दिवस.

घरी तिच्या आईनं, दानम्मानं, झाकण उघडलं. वरची भाकर वाळून वाकडी झाली होती.

"रुसला काय की," ती म्हणाली. पण झाकण लावून तिनं ते पुन्हा उघडून बघितलं.

शिवकांताचे वडील, गुंडप्पा, बैलं घेऊन जनावरांच्या छावणीवर होते. दानम्मा तलावाच्या कामावर जायची. एक दिवस हजेरी चुकली की मुकादम दुसऱ्या बाईला उभं करायचा.

"अव्वा, मी जाऊ?"

हे ती वर्षभर विचारत होती. अकरा वर्षांची झाली तरी तिला फाट्याच्या पुढं एकटीला कुणी सोडलं नव्हतं. जत्रेला गेली तर आईच्या पदराला, दवाखान्यात गेली तर वडलांच्या बोटाला. अण्णा, म्हणजे सिद्धेश्वर, मात्र शहरात खोली करून राहतो, वाटेल तेव्हा उठतो, वाटेल तिकडं जातो. दिवाळीत ती त्याला म्हणाली होती, तुझी लई मजा हाय. तो हसला नव्हता. "कशाची मजा," म्हणाला होता. "रोज डबा येतो ना. नुसतं दावं लांब केलंय."

दानम्मानं डबा उचलून कोनाड्यात ठेवला. मग म्हणाली, "सकाळच्या गाडीनं जायचं, तीनच्या गाडीनं यायचं. कुणाच्या हातचं खायचं न्हाई. काय इकडचं तिकडं झालं तर पुन्हा फाटा दिसनार न्हाई तुला."

"हाव."

"गळ्यातलं सांभाळ."

गळ्यातलं म्हणजे चांदीच्या डबीतलं इष्टलिंग. घरात प्रत्येकाच्या गळ्यात होतं. अंघोळीला, झोपेत, तापात, कधीच अंगावेगळं करायचं नाही. अंगावर नसलं तर घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही. अव्वाचं पहिलं शिकवणं तेच.

सकाळी शेषेरावनं तिला डब्यासकट गाडीत चढताना बघितलं.

"आज डब्याला सोबत आली का काय?"

"मी एकटीच आलेय."

"असं हाय का," त्यानं तिकीट फाडलं. "तिकीट अर्धं आन् रुबाब पुरा."

ती खिडकीशी बसली, डबा मांडीवर घेऊन. बाहेर उजाड रानं मागं पळत होती. कोरड्या तलावात बायकांची रांग दिसली, डोक्यावर पाट्या घेतलेली. त्यातली अव्वा कुठली ते कळलं नाही. शिवकांतानं हात खिडकीबाहेर काढला. कुणी आत घे म्हणालं नाही. गरम वारा बोटांतून जात होता, आणि मांडीवर एवढं ओझं असतानाही तिला हसू येत होतं.

अहमदपूरला उतरल्यावर तिनं तिघांना रस्ता विचारला. तिघांनीही तिला मोठ्या माणसाला सांगावा तसा सांगितला. बाजार समितीच्या मागच्या गल्लीत घरमालकीण गुणाबाईचं घर होतं, त्याच्या मागं अण्णाची पत्र्याची खोली.

गुणाबाई दारात रिकाम्या घागरी उलट्या करत बसली होती.

"सिद्धूची भन का तू? बरं झालं आलीस. परवा पहाटं पानी आनतो म्हनला, माझी कळशी घेऊन गेला. गावाबाहेरच्या हिरीला. ना तो आला, ना कळशी आली."

"परत न्हाई आला?"

"मी म्हनलं गावाकडं गेला आसंल." तिनं शिवकांताच्या हातातल्या डब्याकडं बघितलं. मग घागरीकडं बघत म्हणाली, "गेला न्हाई का?"

खोलीला नुसती कडी होती. आत वळकटी नीट गुंडाळलेली, पुस्तकं एकावर एक. चपला दाराशी जोडीनं ठेवलेल्या. भिंतीच्या खिळ्यावर काळ्या दोऱ्यात चांदीची डबी लटकत होती.

शिवकांता त्या डबीकडं बघत राहिली. खिळा उंच होता. तिनं पुस्तकांवर पाय ठेवला, पुस्तकाला पाय लागला म्हणून नमस्कार केला, आणि दोरा काढला. डबी थंड होती. तिनं ती गळ्यात घातली, फ्रॉकच्या आत, स्वतःच्या डबीशेजारी.

"घरी सांग पोरी," गुणाबाई मागून म्हणाली. "बापाला धाड. आजच."

"हाव."

स्टँडावर तीनची गाडी लागायला वेळ होता. ती लिंबाखालच्या ओट्यावर बसली. समोर दोन पोरी दप्तरं घेऊन हसत लातूरच्या गाडीत चढल्या. त्यांच्याबरोबर मोठं कुणी नव्हतं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी शिवकांता त्या वळणाकडं बघत होती.

घरी गेल्यावर अव्वा आधी डबा हातात घेणार. वजनावरूनच कळेल तिला. मग वडील छावणीवरून येतील, माणसं हिरीकडं जातील. आणि फाटा पुन्हा दिसणार नाही.

तिनं झाकण उघडलं. तीन भाकरी, शेंगाची चटणी, एक कांदा. पहिली भाकर भुकेनं गेली. दुसरी पाण्याशिवाय उतरेना. तिसरीचे तिनं बारीक तुकडे केले आणि डोळे मिटून एक एक गिळला. चटणीचं बोट चाटून डब्याचा तळ पुसून घेतला.

परतीच्या गाडीला पण शेषेरावच होता.

"भेटला का गं भाऊ?"

"हाव," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं ते. तो पुढच्याचं तिकीट फाडायला लागला.

दानम्मा फाट्यावर आली होती. पायाला तलावाची माती तशीच. तिनं आधी डबा घेतला, हातात तोलला, आणि तिथंच खाली बसली.

"खाल्लं त्यानं?"

"हाव."

"आन् दोन दिस काय झालं होतं?"

"परीक्षा हाय म्हनला. स्टँडावर यायला जमलं न्हाई."

"काय म्हनला आजून?"

शिवकांतानं पाटीकडं बघितलं. "चटणी तिखट झाली म्हनला."

दानम्मा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. पदरानं तोंड पुसून उठली, आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्याची तर जीभच तसली. लहानपनापासून. स्टँडावर यायला जमत न्हाई तर परीक्षा होस्तोवर तूच जात जा डबा घेऊन. तुला लई हौस हाय ना एकटीनं फिरायची."

शिवकांता पुढं चालायला लागली. चालताना छातीवर काहीतरी टक् करून वाजलं.

"काय वाजलं गं?"

"माझंच. गळ्यातलं."

"जपून," दानम्मा मागून म्हणाली. मग थोडं चालल्यावर, "वाळलाय का गं लई? उद्यापासनं एक भाकर जास्तीची टाकते."

शिवकांतानं फ्रॉकच्या गळ्यातून हात आत घातला आणि दोन्ही डब्यांच्या मधोमध बोट धरलं, घर येईपर्यंत.