कोपराला हात लावायचा न्हाई

दवाखान्यात मला बसवत नव्हतं. लातूरचा हाडांचा दवाखाना, बाकावर माणसाला माणूस खेटलेलं, आन् आमचा नंबर एकोणतीस. म्या उठायची, दारापाशी जायची, आत डोकवायची, कंपाउंडरनं हटकलं की परत यायची.

"माय, एका जागी बस की!" प्रिया म्हणली. तिचा उजवा हात मांडीवर अर्धा वाकलेला. सरळबी होईना, पुरता मिटंबी ना.

प्रिया म्हंजे माझी लेक बुद्धप्रिया. वय बावीस. पोलीस भरतीची तयारी करून राहिली व्हती. गोळा असा फेकायची की चाकूरच्या मैदानावर पोरं आपला सराव सोडून बघत राहायची. दीड महिन्याखाली सकाळी पळताना खडीवरून पाय घसरला आन् पडली ती कोपरावर.

मग म्या काय केलं, ते ऐका. आमच्याकडच्या चार-सहा गावांत कुणाचा हात मुरगळला, खांदा निखळला की लोक सरजाबाईकडं येतात. सरजाबाई म्हंजे मीच. सासूनं शिकवलं, तीस वर्षं झाली. पोरीचं कोपर चाचपलं, सांधा सरकला व्हता, खटकन बसवला. तिथंच थांबले असते तर! पन न्हाई. रोज दोन टाइम कोमट तिळाचं तेल लावून चोळायला लागले. आठ दिवसांत हात आखडला. म्हणलं, चोळणं कमी पडून राह्यलं. जोर वाढवला. पोरगी उशीत तोंड खुपसून रडायची आन् म्या वरून डाफरायची, "पोलीस व्हायचंय न्हवं? मग एवढं सोसत न्हाई व्हय?"

नंबर आला. डॉक्टरीणबाई वर्षाराणी मॅडम, वयानं माझ्या लेकीहून थोडी मोठी. तिनं एक्स-रे उजेडावर धरला. बघत राहिली. मग विचारलं, "मालिश कोणी केलं?"

"गावातल्या एका बाईनं," प्रिया पटकन बोलली. "मीच गेले व्हते तिच्याकडं."

"अशा बायकांच्या हाती हात देतेस? शिकलेली ना तू?"

माझं डोकंच फिरलं. "ओ मॅडम," म्या म्हणलं, "तीस वर्षं लोकांचे सांधे बसवले त्या बाईनं. एक पैसा घेतला न्हाई. तिला नावं ठेवू नका."

"तुम्ही ओळखता तिला?"

प्रियानं डाव्या हातानं माझा पदर ओढला. गप बस म्हणून. तवा मला कळलं, पोरगी मला झाकून राह्यलीय. लाज वाटली हो, लई लाज वाटली.

"ती बाई मीच हाय," म्या म्हणलं. "तिची माय."

मॅडमनं खुर्ची जवळ ओढून फोटोत बोट दाखवलं. कोपराच्या पुढं पांढरं काहीतरी धरलेलं. "मावशी, सांधा तुम्ही नीट बसवलात. पण मार लागलेलं कोपर चोळलं की कधी कधी आतल्या मांसात हाड तयार होतं. ते आलंय."

"मग आता?"

"आता कोणीही हात लावायचा नाही. गोळ्या देते. तिचं तिनंच हलवायचं, जमेल तेवढं. हे हाड वाढायचं थांबलं की मग बघू. कदाचित ऑपरेशन लागेल."

"आन् भरती?"

"या वर्षीची सोडा."

प्रिया त्या फोटोकडं बघत राहिली. एसटीत बसलो तरी बोलंना. "शिव्या दे मला, पन बोल," म्या म्हणलं.

"तहान लागलीय," एवढंच म्हणली.

तवापासून ती रोज सकाळी हात वाकवती, सरळ करती, घामाघूम होती. म्या समोर बसते, हात मांडीखाली दाबून. मेले हात ऐकतच न्हाईत, तेलाची वाटी शोधतात. परवा शेजारच्या गावचे शेषेराव बायकोला घेऊन आले, तिचं कोपर सुजलेलं. म्या दारातूनच वरडले, "लातूरला न्या! माझ्या पोरीचा हात म्याच घालवलाय, बघायचाय का?" गल्लीनं ऐकलं. ऐकू दे.

काल जेवताना प्रियानं भाकरीचा तुकडा उजव्या हातात घेतला. रोज डाव्यानं खाती. हात उचलला, वाकवला, तोंडापासून वीतभर लांब अडकला. कपाळाची शीर ताठली. माझे हात आपोआप पुढं गेले.

"माय, हात खाली."

म्या घेतले खाली. तुकडा काही तिच्या तोंडाला पोचंना. मग तिनं तो हात तसाच माझ्याकडं वळवला. माझ्या तोंडापत्तोर बरोबर पोचला.

"आ कर."

घास तोंडात, पन मला चाववंना. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहून राह्यलेलं.

"चाव की गं," ती म्हणली. "उद्या अजून बोटभर वाकवते."