कणगीतला दाणा

‘कणगीच्या पोटामंदी दाणा दाण्याला सांगतो,
मला ठेवणारा हात मला पुन्यांदा मागतो…’

हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये, टेबलाखाली वाकून राकेशनं कॉम्प्युटरची वायर उपटली, तेव्हा आईचा तो जुना आवाज त्याला ऐकू आला. दिंडोरीच्या द्राक्षबागेत मणी विरळताना विठाबाई ही ओवी गायची. पडदा काळाठिक्कर पडला.

“गेली वीज! आता बघा हं,” त्याची भागीदार स्नेहा समोरच्या पोरांना म्हणाली.

राकेशनं वायर पुन्हा खोचली. पडदा उजळला. आत्ताच टाइप केलेलं नाव जिथल्या तिथं होतं.

“भारी,” एक पोरगा म्हणाला. “टी-शर्ट एल साइजमध्ये आहे का?”

टी-शर्ट घेऊन पोरं समोरच्या परदेशी कंपनीच्या स्टॉलवर फुकटच्या कॉफीला गेली. वेब डेव्हलपरांची एवढी मोठी परिषद नाशिकला पहिल्यांदाच भरली होती, पण सकाळपासून हेच चाललं होतं. मघाशी एकानं तर विचारलं होतं, “कणगी? धान्याचं दुकान आहे का हो?”

कणगी हा राकेशचा डेटाबेस, नोंदी साठवणारं सॉफ्टवेअर. वीज कधीही जावो, नोंद जाणार नाही, एवढं एकच वचन देणारा. नाव आईच्या ओवीतलं, आणि टी-शर्टवर छापलेली ओळही तिचीच: ‘ठेवणारा हात पुन्हा मागतो.’ पैसे लावणाऱ्यांनी बजावलं होतं, महिनाअखेर एक तरी ग्राहक दाखवा, नाहीतर कुलूप लावा.

“हात खाली घे की,” स्नेहा पुटपुटली. “जाहिरात झाकतोयस.”

राकेशनं छातीवर घट्ट बांधलेले हात क्षणभर सोडले. पुन्हा बांधले.

एवढे दिवस स्नेहा नोकरी सांभाळून कणगी विकत होती. मागच्या बुधवारी तिनं अंबडच्या कंपनीत राजीनामा दिला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आली. “आता परतीची वाट मोडली बाबा,” असं म्हणत तिनं त्याला पेढा भरवला होता. तो त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला होता.

दुपारी गर्दी पांगली. तेव्हा पाठीला सॅक लावलेली एक मुलगी स्टॉलशी थांबली. सायली नाव. ती टी-शर्टकडे पाहीना, पडद्याकडेच पाहत राहिली.

“दादा, परत एकदा काढा ना वायर.”

त्यानं काढली, लावली.

“हेच पाहिजे होतं मला,” ती म्हणाली. “पिंपळगावच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते मी. तिकडं लाइटीचा काही नेम नाही. सिस्टरनं इंजेक्शन दिलं की लगेच नोंद. ती नोंद उडाली ना, तर दुसरी सिस्टर येऊन तेच इंजेक्शन पुन्हा देते. एकदा झालंय असं. म्हातारी वाचली, नशीब.”

“आता नाही उडणार,” स्नेहाचा चेहरा दिव्यासारखा उजळला. “कधीपासून सुरू करायचं?”

“सोमवारपासून. दोन वॉर्ड, दोन कॉम्प्युटर. दोन्हीकडून एकदम नोंदी झाल्या तरी चालेल ना, दादा?”

राकेश खाली वाकला. वायर नीट बसली होती, तरी ती दाबत राहिला. टेबलावर त्यानं मुद्दाम एकच कॉम्प्युटर मांडला होता.

“चालेल का काय, पळेल!” स्नेहा हसली. “सांग ना रे.”

सायली त्याच्या छातीवरची ओळ वाचू लागली. ओठ हलवत, हळू. ती शेवटच्या शब्दाशी आली तसे राकेशचे हात आपोआप खाली आले.

“नका घेऊ, ताई.”

“म्हणजे?”

“दोघींनी एकाच क्षणी लिहिलं अन् तेव्हाच वीज गेली, तर एकीची नोंद जाते. पडद्यावर मात्र दोघींना ‘जतन झालं’ असंच दिसतं. का होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.”

सायलीनं सॅकचा पट्टा खांद्यावर ओढला. मान हलवून ती गेली. समोर कॉफीचं मशीन घरघरत होतं.

स्नेहा टी-शर्टांची चळत सारखी करत राहिली. सारखीच होती ती.

“कधी कळलं तुला?”

राकेशनं पडद्याकडे पाहिलं. तिथं कुठल्याशा पोराचं नाव सुखरूप होतं.

“तू पेढे आणलेस ना,” तो म्हणाला, “त्याच्या आदल्या दिवशी.”