पायनी बेंडच्या पाकिटावरचं कुंकू

नवीन वस्तू घरात आली की तिला पहिला हात कोणाचा लागणार, हे आमच्याकडे गेले पाच महिने ठरलेलं होतं. नंदाताई, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी ओहायोतल्या डब्लिनला आमच्याकडे आल्या, त्या कुंकवाचा करंडा पर्समध्ये घालूनच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नव्या डिशवॉशरला हळदकुंकू लावलं. मग माझ्या गाडीला. मग गुरुदत्तच्या श्रवणयंत्राच्या डबीला. यंत्र त्याच्या कानात होतं म्हणून वाचलं.

गुरुदत्त माझा नवरा. वय बहात्तर, उभा जन्म राज्य सरकारसाठी पूल बांधण्यात गेला. मी भूलतज्ज्ञ होते. चाळीस वर्षं लोकांना झोपवलं, पण या माणसाला रात्री दहानंतर तिकिटांचा कॅटलॉग मिटायला लावणं मला कधी जमलं नाही.

तिकिटं म्हणजे टपालाची, आणि तीही साधी नव्हेत. १८६१ साली इथल्या दक्षिणेकडच्या राज्यांनी 'कॉन्फेडरेट' नावाची वेगळी चूल मांडली. झेंडा शिवला, सैन्य उभं केलं, पण टपालाची तिकिटं छापायला काही महिने लागले, आणि जुन्या सरकारची तिकिटं तर बंद झालेली. पत्रं मात्र येतच होती. मग गावोगावच्या पोस्टमास्तरांनी आपापली तिकिटं केली. कुणी लाकडात कोरली, कुणी गावच्या छापखान्यातून काढून घेतली. असं तिकीट लावून खरोखर टपालातून गेलेलं पाकीट मिळणं म्हणजे या छंदातल्या लोकांना देव भेटल्यासारखं असतं. ही मंडळी त्याला 'कव्हर' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात.

क्युपर्टिनोहून आमची लेक सावनी फोनवर नेहमी विचारते, "बाबा, ऑफ ऑल थिंग्ज, कॉन्फेडरेट?"

"त्यांचं युद्ध माणसांना गुलाम ठेवण्यासाठी होतं, ते पाप होतं, त्यात काही डिबेटच नाही," हा म्हणतो. "मी त्यांचे झेंडे नाही गं कलेक्ट करत. मी खिडकीमागचा कारकून कलेक्ट करतो. बाहेर रांग लागलीये, वरून ऑर्डर नाही, तिकीट नाही, आणि पत्र तर जायला पाहिजे. त्याने काय केलं, एवढंच मला बघायचंय."

एकेका पुलाच्या मंजुरीसाठी वर्षं घालवलेल्या माणसाला हा कारकून का आवडतो, हे मला कळतं. सावनीला अजून कळायचंय.

तर मागच्या मंगळवारी दुपारी गुरुदत्त घरात आला तो बूट न काढता. दक्षिण ओहायोत कुणा निवृत्त शिक्षिकेच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, तिथे तो गेला होता. जुन्या ख्रिसमस कार्डांच्या खोक्यात, अगदी तळाशी, त्याला एक पाकीट मिळालं. अलाबामातल्या पायनी बेंड नावाच्या चिमुकल्या गावाचं. एझ्रा टॉलिव्हर या पोस्टमास्तराने लाकडात कोरलेलं पाच सेंटचं तिकीट, त्यातला पाच जरा कलंडलेला. अशी पाकिटं जगात तीनच माहीत होती. हे चौथं.

"वसुधा, बघ," तो म्हणाला. "नको, बघू नकोस. म्हणजे बघ, पण ब्रीद करू नकोस."

त्याने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं, नंदाताईंना म्हणाला, "ताई, लक्ष्मी आलीये घरात," आणि प्लॅस्टिकचं आवरण आणायला तळघरात पळाला. बहात्तर वर्षांचा माणूस दोन दोन पायऱ्या गाळत होता.

आता लक्ष्मी आली म्हटल्यावर नंदाताई हात बांधून बसणार आहेत का? मी कढीला फोडणी देत होते. वळून पाहिलं तर त्यांनी हात धुतले होते, करंडा उघडला होता, आणि बोट ओलं करून पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यावर आधी हळद आणि वर कुंकू लावलं होतं, चार अक्षताही टाकल्या होत्या. मी "नंदाताई" एवढंच म्हणाले, तोवर झालं होतं. एकशेसाठ वर्षांचा तहानलेला कागद, त्याने ते क्षणात पिऊन टाकलं.

"तिकिटाला नाही हो लावलं," त्या म्हणाल्या. "मला कळतं तेवढं. कोपऱ्यावर लावलं." आणि समाधानाने करंडा ठेवायला आत गेल्या.

मी तेव्हाच गुरुदत्तला सांगायला हवं होतं. पण तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की सावनी झाली त्या दिवशीही तो मी तसा पाहिला नव्हता. त्याने पाकीट आवरणात सरकवलं आणि भिंग लावलं. मग ते हळूहळू डाव्या कोपऱ्यावर आणलं.

"वसुधा," शेवटी तो हळूच म्हणाला, "इथे रेड मार्किंग आहे यार. तिथल्या अंधारात मला दिसलंच नाही."

मी कढी उतू जाऊ दिली.

त्याच्या त्या आनंदाला बळ कुठून आलं होतं, ते सांगायला हवं. इथल्या तिकीटवाल्यांचा एक क्लब आहे, महिन्यातून एका शनिवारी लायब्ररीच्या खोलीत भरतो. अध्यक्ष वॉल्टर प्रुइट, वय चौऱ्याऐंशी, या पोस्टमास्तरी तिकिटांमधला शेवटचा शब्द. गुरुदत्त बावीस वर्षं तिथे जातो. बावीस वर्षांत त्याने तीनदा मोठ्या उमेदीने काहीतरी नेलं, तीनदा वॉल्टरने भिंगातून पाहिलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "नाइस सुव्हेनिर." म्हणजे नकली. क्लबात माझ्या नवऱ्याची ओळख उत्तम समोसे आणणारा गृहस्थ अशी होती. आता येत्या शनिवारी तो हे पाकीट नेणार, त्यावर आजवर कुणी न पाहिलेली तांबडी खूण दाखवणार, आणि ती खूण आमच्या देवघरातली निघाली की समोसे आणायचीसुद्धा सोय राहणार नाही. हे मला लख्ख कळत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

बुधवारी सांगायला गेले तर तो पट्टीने कुंकू मोजत होता. अकरा मिलिमीटर बाय आठ. गुरुवारी गेले तर सावनीला सांगत होता, "आय थिंक, इट्स अ थंबप्रिंट. टॉलिव्हरने स्वतः लावलेला." मला आतून इतकं हसू फुटत होतं, की मी सरळ बागेत जाऊन तण उपटलं. शुक्रवारी त्याने सूट इस्त्रीला काढला. लायब्ररीत सूट.

नंदाताईंनाही मला सांगता येईना. अकरा वर्षांनी भावाकडे आल्या होत्या, तीन आठवड्यांत परत जाणार होत्या. आपल्या बोटामुळे भावाचं नुकसान झालं हे कळलं असतं, तर त्या उरलेले दिवस एका खुर्चीत बसून राहिल्या असत्या. भावाचं त्या खुणेचं सगळं कौतुक फोनवर इंग्रजीत चालायचं, ते त्यांना कळायचं नाही. त्यांना वाटत होतं शनिवारी त्याचा सत्कार आहे, म्हणून त्यांनी मोरपंखी नऊवारी काढली.

शनिवारी खोलीत वीसेक माणसं होती, बहुतेक माझ्याहून म्हातारी. गुरुदत्तने पाकीट वॉल्टरपुढे ठेवलं. वॉल्टरने खिशातून भिंग काढलं, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. आधी तिकीट पाहिलं, मग शिक्का, मग मागची बाजू. मग कोपऱ्यावर आला. तिथून हलेना.

"गुरु," तो म्हणाला, "हे काय आहे तुला माहीत आहे?"

"मला वाटतं, हाताने केलेली खूण," गुरुदत्त म्हणाला.

मग वॉल्टर उभा राहिला आणि बोलू लागला. युद्धाच्या दिवसांत दक्षिणेत शाई मिळत नव्हती. लोक रानातल्या पोकबेरीच्या फळांची तांबडी शाई करत. टॉलिव्हरने पैसे मिळाल्याची खूण म्हणून त्या रसात बोट बुडवून लावलं असणार. आणि ही पिवळसर कडा पाहा, तो सगळ्यांना म्हणाला, अशी कडा शाई फार जुनी झाल्याशिवाय येत नाही. मी यावर लेख लिहिणार.

हळदीची ती कडा पाहायला वीस माणसं रांग लावून आली. गुरुदत्त त्या रांगेशेजारी उभा होता, आणि मी तुम्हाला सांगते, नवरा मुलगा मांडवात एवढा फुललेला नसतो.

"काय म्हणतायत ते?" नंदाताईंनी मला विचारलं.

खोटं सांगायला मला सुचलंच नाही. "त्या कोपऱ्यावरच्या तांबड्या खुणेबद्दल बोलतायत," मी म्हणाले. "फार जुनी आहे म्हणतायत."

"कसली जुनी? मंगळवारी मी लावलीये की," नंदाताई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मुळातच दोन वाड्या ओलांडणारा. "दत्तू, सांग की त्यांना. कुंकू आहे म्हणावं."

गुरुदत्तचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यामागचा माणूस निघून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारपासून," मी म्हणाले. "अक्षता मीच झटकल्या."

"आणि मला बोलली नाहीस."

आजूबाजूची मंडळी आमच्याकडे कौतुकाने बघत होती. त्यांना वाटलं, आनंदाने आपसांत बोलतायत. तेवढ्यात माझ्या मनात जे आलं ते मी बोलूनही टाकलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, "इथे कुणाला मराठी कळत नाही. गप्प बस. कुणाला काही समजायचं नाही."

"मला समजलं ना," गुरुदत्त म्हणाला.

त्याने कोटाची बटणं लावली आणि वॉल्टरकडे वळला. "वॉल्टर, लेख लिहू नकोस," तो इंग्रजीत म्हणाला. "ही खूण टॉलिव्हरची नाही. माझ्या बहिणीची आहे. मंगळवारची. आमच्याकडे नवी वस्तू घरात आली की तिला लावतात. मला आत्ताच कळलं. तुमच्या सगळ्यांचा वेळ घेतला, माफ करा."

वॉल्टरने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं, कोपरा पाहिला, मग नंदाताईंचा हात पाहिला. मग तो नाकाजवळ पाकीट नेऊन चक्क वास घेऊ लागला. आणि हसायला लागला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, टेबल धरून, डोळे पुसत. "पोकबेरी," तो म्हणत होता, "मी पोकबेरी म्हणालो." एकाने सुरुवात केली मग सगळे सुटले. नंदाताईंना काही कळलं नव्हतं, पण हसण्यात त्या कुणाच्या मागे राहत नाहीत.

हसणं ओसरल्यावर वॉल्टर म्हणाला, "तिकीट मात्र खरं आहे. पायनी बेंडचं चौथं. हे मी लिहून देतो." मग त्याने सांगितलं की कागदाचा एक जाणकार त्याच्या ओळखीचा आहे, तो डाग बराचसा काढून देईल. डाग असेपर्यंत किंमत अर्धीही येणार नाही.

गुरुदत्तने मला विचारलं नाही. बहिणीकडे बघितलं, तिच्या नऊवारीकडे बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "कुणाची ऑर्डर नसताना टॉलिव्हरने त्याला सुचलं ते लावलं. ताईनेही तेच केलं."

"मग नीट नोंद कर," वॉल्टर म्हणाला. एकदम मास्तरासारखा कडक झाला होता. "पाकिटावरची प्रत्येक खूण कुणाची, कधीची, कुठली, ते पानावर लिहायचं. शंभर वर्षांनी माझ्यासारखा कुणी म्हातारा हे हातात घेईल. तो वीस माणसांसमोर पोकबेरी म्हणता कामा नये. बोट कुठलं, विचार तिला. हात कुठला?"

गुरुदत्तने विचारलं.

"करंगळीशेजारचं, उजव्या हाताचं," नंदाताई म्हणाल्या. "डाव्या हाताने कुंकू कोण लावतं? विचारतोय काय हा म्हातारा."

गुरुदत्तने तिथल्या तिथे अल्बमचं पान काढलं आणि पुलाच्या नकाशावर लिहायचा तशा अक्षरात लिहायला बसला. नंदाताई खांद्यावरून बघत होत्या, म्हणून तो लिहिता लिहिता मराठीतून वाचून दाखवत होता. "तिकीट आणि शिक्का, एझ्रा टॉलिव्हर, पोस्टमास्तर, पायनी बेंड, १८६१. डाव्या कोपऱ्यात हळद आणि कुंकू, नंदा किर्लोसे, उजवा हात, करंगळीशेजारचं बोट, डब्लिन, ओहायो." मग तो थांबला. चार दिवस गप्प बसलेल्या मला आता काय ऐकावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली.

"अक्षता काढल्या," त्याने वाचलं, "पत्नीने." आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुझी सही कर. आणि खाली तारीख टाक, मंगळवारची."