न मोडलेल्या पायाचं प्लास्टर

दवाखान्यात मोडक्या हातापायांना प्लास्टर घालण्यात तिची हयात गेली होती. न मोडलेल्या पायाला मात्र तिने पहिल्यांदाच प्लास्टर घातलं, तेही पोटच्या पोराच्या.

सत्ताधारी पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने त्याच्या हाती काठी दिली होती. फीवाढीविरुद्ध कॉलेजच्या फाटकाशी बसलेल्या पोरांना झोडपायचं होतं, आणि पोलीस म्हणे पाठ फिरवून उभे राहणार होते. आदल्या सकाळी तो जिन्यावरून घसरला. पाय नुसता मुरगळला होता. "मोडलाय!" असं ठणकावून सांगत तिने मांडीपर्यंत प्लास्टर चढवलं. न्यायला आलेली टोळी त्यावर टकटक करून हात हलवत परत गेली.

महिन्याने ती प्लास्टर कापायला बसली, तेव्हा तिला राहवेना. "एक सांगू? रागावू नकोस..."

"मोडला नव्हता, ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी उभा राहून पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

तो प्लास्टरवरून हात फिरवत राहिला. "आई, परवा पुन्हा बोलावलंय त्यांनी."

तिचा जीव भांड्यात पडला. कात्री बाजूला ठेवून तिने नवी पट्टी भिजत घातली.